योगाची लॅब चालवणारे स्वामी

२०१५ पासून दरवर्षी २१ जूनला आपण सगळे योग दिन साजरा करतो. पहाटे उठायचा कंटाळा येतो, पण ग्राउंडवर हजेरी घेतात म्हणून जातो. दुसऱ्या दिवशी मॅट पुन्हा पलंगाखाली! पण उरलेले ३६४ दिवस योगाचा वर्ग चालवणाऱ्याचं काय होत असेल, हा विचार आपल्या मनात येत नाही. जागेचं भाडं, लाइट बिल, सतरंज्या, आणि महिन्याच्या शेवटी फी देणारे किती?

आमचं गाव तेलगाव, बीड जिल्ह्यातलं साखर कारखान्याचं गाव. आमच्या भागात दिवाळी झाली की कितीतरी कुटुंबं ऊसतोडीला बाहेर पडतात. पाऊस नीट झाला नाही तर शाळेची फीसुद्धा थकते, मग योगाची फी कोण देणार? २०२० च्या लॉकडाउनने तर मोठ्या शहरांतल्या क्लासनाही कुलूप लावलं. म्हणूनच ज्यांनी एक छोटी योगसंस्था सुरू केली आणि शेवटच्या श्वासापर्यंत, म्हणजे सुमारे साडेएकेचाळीस वर्षे, ती चालवून दाखवली त्या स्वामी कुवलयानंदांची ओळख करून द्यावीशी वाटते.

स्वामीजींचं मूळ नाव जगन्नाथ गणेश गुणे. जन्म ३० ऑगस्ट १८८३ चा, बडोदा संस्थानातल्या डभोईचा. वडील शिक्षक होते, पण घरची गरिबी इतकी की काही काळ लोकांच्या मदतीवर दिवस काढावे लागले. अशा परिस्थितीत १९०३ साली मॅट्रिकला त्यांनी संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट स्कॉलरशिप मिळवली. त्या जोरावर ते बडोदा कॉलेजात गेले आणि १९१० मध्ये ग्रॅज्युएट झाले. दुसऱ्याच्या पैशावर शिकणं म्हणजे काय, हे त्यांना लहानपणीच कळलं होतं. पुढे संस्था चालवताना हा अनुभव उपयोगी पडला असणार.

बडोद्यातच १९०७ ते १९१० या काळात त्यांनी जुम्मादादा व्यायामशाळेत राजरत्न माणिकराव यांच्याकडे भारतीय व्यायामाचे धडे घेतले. लोकमान्य टिळक आणि अरविंद घोष यांच्या विचारांचा त्यांच्यावर प्रभाव होता. आजन्म ब्रह्मचारी राहून देशाचं काम करायचं असं त्यांनी ठरवलं. नंतर ते खानदेशात अमळनेरला आले. ज्या खानदेश एज्युकेशन सोसायटीच्या शाळेत १९२४ पासून साने गुरुजींनी शिकवलं, त्याच संस्थेच्या उभारणीत गुणे यांचाही हात होता. १९१६ साली ते तिथल्या नॅशनल कॉलेजचे प्रिन्सिपॉल झाले. पण कॉलेजातलं राष्ट्रीय वातावरण इंग्रज सरकारला खुपलं आणि १९२० मध्ये ते बंद करण्यात आलं. एक चालती संस्था सरकारच्या एका हुकमाने कशी संपते, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं.

त्याच्या आधी, १९१९ मध्ये, त्यांना नर्मदाकाठच्या मालसर इथे परमहंस माधवदासजी हे बंगाली योगी गुरू म्हणून भेटले होते. गुरूवर श्रद्धा होतीच, पण पिंड शिक्षकाचा. गुरूंनी शिकवलेल्या क्रियांनी शरीरात नेमकं होतं काय, हा प्रश्न त्यांना स्वस्थ बसू देईना. १९२०-२१ मध्ये त्यांनी बडोद्याच्या हॉस्पिटलमध्ये आपल्याच काही विद्यार्थ्यांवर उड्डियान आणि नौली या क्रियांचे प्रयोग केले, एक्स-रे काढले. शंभर वर्षांपूर्वी एक संस्कृतचा माणूस योगाचे एक्स-रे काढतो ही गोष्टच किती वेगळी आहे!

ऑक्टोबर १९२४ मध्ये त्यांनी लोणावळ्याला कैवल्यधाम सुरू केलं आणि त्याच वेळी 'योगमीमांसा' हे इंग्रजी त्रैमासिकही काढलं. त्यात एक भाग शास्त्रीय, एक अर्धशास्त्रीय आणि एक साध्या वाचकांसाठी असायचा. म्हणजे डॉक्टरलाही काही मिळावं आणि घरी आसनं करणाऱ्यालाही. संस्था आणि मासिक दोन्ही एकदम चालवणं सोपं नव्हतं. पुढे अंकांमध्ये मोठे खंड पडले, पण मासिक कायमचं बंद पडलं नाही.

आपल्या इंजिनिअरिंगच्या भाषेत सांगायचं तर स्वामीजींचं गाजलेलं काम प्रेशरचं आहे. नौली करताना मोठ्या आतड्यात बाहेरच्या हवेपेक्षा कमी दाब तयार होतो, म्हणजे पार्शियल व्हॅक्यूम, हे त्यांनी मोजून दाखवलं. बस्ती करणारे योगी पाणी आत कसं ओढून घेतात, हे त्यावरून उलगडलं. या शोधाला त्यांनी स्वतःचं नाव न देता गुरूंचं नाव दिलं, माधवदास व्हॅक्यूम.

मला सर्वात जास्त आवडलेली गोष्ट मात्र दुसरीच आहे. प्राणायामाने शरीराला भरपूर जादा ऑक्सिजन मिळतो असा समज तेव्हाही होता आणि आजही आहे. स्वामीजींनी श्वासातल्या वायूंची मोजमापं केली, ती या समजाला धरून आली नाहीत, आणि त्यांनी तसंच छापलं! देणगीसाठी लोकांच्या दारात जाणाऱ्या माणसाला चमत्कार सांगणं जास्त सोयीचं असतं. जर्नलमध्ये रीडिंग जुळवून टाकायचा मोह काय असतो हे आपल्याला वेगळं सांगायला नको. त्यांच्यापुढे तर संस्थेच्या पोटाचा प्रश्न होता.

मग पैसे आले कुठून? याचं उत्तर संस्थेच्या पाट्यांवरच आहे. १९३२ मध्ये सुरू झालेल्या मुंबईच्या केंद्राला ईश्वरदास चुनीलाल यांचं नाव आहे, लोणावळ्याच्या योग कॉलेजला गोवर्धनदास सेक्सरिया यांचं, आणि हॉस्पिटलला अमोलकदेवी तीरथराम गुप्ता यांचं. पोरबंदरचे राणा नटवरसिंहजी हेही त्यांच्या पाठीशी होते. स्वामीजींनी मदत घेतली, देणाऱ्यांची नावं पाटीवर लावली, पण रिझल्ट मात्र प्रयोगातून जो येईल तोच ठेवला. १९२७ मध्ये रक्तदाबाचा त्रास झाल्यावर गांधीजींनीही त्यांचा सल्ला घेतला. १९३७ मध्ये मुंबई सरकारने शारीरिक शिक्षणाच्या समितीचं अध्यक्षपद त्यांना दिलं. ज्या सरकारी व्यवस्थेने एकदा त्यांचं कॉलेज बंद केलं होतं, तिलाच आता त्यांचं ज्ञान हवं होतं.

१८ एप्रिल १९६६ रोजी स्वामीजी गेले. कैवल्यधामने २०२४ मध्ये शंभरी गाठली. संस्थापक गेल्यावर इतकी वर्षे टिकलेल्या संस्था आपल्याकडे किती आहेत, हे मोजायला बोटं पुरतील.

मित्रांनो, लहान गावात योगाचा वर्ग चालवणाऱ्या सर-मॅडमना राजाची मदत मिळणार नाही, हे खरं आहे. पण रोज किती जण आले, कुणाला काय त्रास होता, सहा महिन्यांनी काय फरक पडला याची वही ठेवायला फारसा खर्च येत नाही. जे होतं तेवढंच सांगितलं की लोक एकदा येऊन परत जात नाहीत, टिकतात. आणि आपलं काम काय? वर्षातून एकदा ग्राउंडवर फोटो काढण्यापेक्षा अशा एखाद्या वर्गाची महिन्याची फी वेळेवर भरणं. संस्था भाषणांनी चालत नाहीत, त्या रोज येणाऱ्या माणसांवर चालतात.