स्लोकमचा बांबू

'वारा येईल तशी पाठ द्यावी' ही म्हण मी दहावीच्या मराठीच्या पेपरात चुकीची लिहिली होती. (कॉन्व्हेंटवाल्यांकडून जास्त अपेक्षा ठेवू नका!) ती शब्दशः जगलेला माणूस मला पीएलमध्ये, अभ्यास सोडून भलतंच वाचताना भेटला. कॅप्टन जोशुआ स्लोकम.

जन्म 1844, कॅनडातल्या नोव्हा स्कॉशियात. वडील बूट शिवायचे. पोराला त्या चामड्याच्या वासाचा कंटाळा, म्हणून तो समुद्रावर पळाला आणि पुढे मोठमोठ्या शिडाच्या जहाजांचा कप्तान झाला. बायको व्हर्जिनिया जहाजावरच संसार करायची. 1884 मध्ये ती ब्युनॉस आयर्सला वारली. 1887 मध्ये त्याचं स्वतःचं जहाज ब्राझीलच्या किनाऱ्यावर वाळूत रुतून फुटलं. विमा नव्हता.

त्याहून वाईट म्हणजे तोवर वाफेची जहाजं आली होती. जगातल्या उत्तम कप्तानांपैकी एक, पण त्याच्या स्किलला मार्केटच उरलं नाही. प्लेसमेंटच्या सीझनमध्ये हे वाचताना माझ्या पोटात गोळा आला, खोटं का बोला.

1892 मध्ये एका ओळखीच्या माणसाने त्याला एक होडी फुकट देऊ केली, थोडी दुरुस्ती लागेल म्हणाला. जाऊन बघतो तर काय, होडी शेतात उभी, पार कुजलेली! चेष्टाच होती ती. स्लोकमने तेरा महिने खपून तिची एकेक फळी बदलली. खर्च 553 डॉलर 62 सेंट. होडीचं नाव 'स्प्रे', लांबी जेमतेम 37 फूट. 24 एप्रिल 1895 ला तो बोस्टनहून एकटा निघाला.

आता माझ्या आवडीचा भाग. एकट्या माणसाने झोपायचं कधी? वारा पाठीमागून असताना तर सुकाणू सोडताच येत नाही. मोठं शीड एका बाजूला पसरलेलं असतं, ते ती बाजू पुढे ढकलतं आणि होडीचं नाक दुसरीकडे, वाऱ्याच्या दिशेने वळू पाहतं. स्लोकमने सुकाणूचं चाक दोरीने बांधून टाकलं. होडीच्या नाकापुढे बांबू काढून त्यावर एक छोटं शीड लावलं आणि ते मधल्या रेषेत ताणून सपाट बांधलं. होडी सरळ चालली असेल तर वारा त्या शिडाच्या दोन्ही बाजूंनी घसरून जातो. नाक जरा वळलं की वारा त्याच्या एकाच अंगावर आदळतो आणि नाक परत जागेवर. निगेटिव्ह फीडबॅक! ना सेन्सर, ना मोटर. कंट्रोल सिस्टिम्सच्या लेक्चरला मला जे कळलं नाही ते या बांबूने एका मिनिटात समजावलं. अर्थात 'स्प्रे'चा तळ लांब आणि सरळ होता, म्हणून हे जमलं. कुठल्याही होडीला बांबू लावून चालणार नाही.

तो बांबूही सामोआ बेटावरचा, लेखक स्टीव्हन्सन यांच्या पत्नीने आपल्या बेटातून तोडू दिलेला. 1897 मध्ये थर्सडे आयलंडहून हिंदी महासागरातल्या कोकोस बेटांपर्यंत 2,700 मैल स्लोकम 23 दिवसांत आला. त्यात सुकाणूवर हात किती वेळ? सुमारे तीन तास. बाकी वेळ स्वयंपाक, वाचन, झोप. हॉस्टेललाइफच की!

27 जून 1898 ला तो ऱ्होड आयलंडमधल्या न्यूपोर्टला पोचला. 46,000 मैल, एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारा पहिला माणूस. आपल्याकडे हे जमायला 2010 उजाडलं. कमांडर दिलीप दोंदे गोव्यात बांधलेली 'म्हादेई' घेऊन मुंबईहून निघाले आणि मुंबईलाच परतले.

स्लोकमने पुस्तक लिहिलं, ते गाजलं, थोडी शेतीही करून पाहिली. करमलं नाही. 1909 मध्ये तो पुन्हा 'स्प्रे' घेऊन दक्षिणेकडे एकटाच निघाला. ना होडी सापडली, ना तो. 1924 मध्ये कोर्टाने त्याला मृत घोषित केलं. पोहता त्याला कधीच येत नव्हतं.