विश्वकिरणांपासून वेगवर्धकापर्यंत : डॉ. होमी भाभा

नोव्हेना म्हटले की आपल्या घरांतून दोन गोष्टींची आठवण निघते. एक थॉमसन रोडवरचे मोठे चर्च आणि दुसरी इस्पितळे. घरातले कोणी ना कोणी तेथे जाऊन आलेले असतेच. आम्ही याच भागात राहतो. काही दिवसांपूर्वी आमच्या मराठी वर्गातल्या एका मुलीने विचारले, की आजीला इस्पितळात शेक देतात तो येतो कोठून? आम्ही तिला सांगितले की तेथील यंत्र इलेक्ट्रॉन नावाच्या अतिसूक्ष्म कणांना प्रचंड वेग देते. ते कण धातूवर आदळले म्हणजे क्ष-किरण निघतात आणि त्यांनी कर्करोगाची गाठ जाळतात. कणांना वेग देणाऱ्या अशा यंत्राला वेगवर्धक म्हणतात. मुलीने लगेच दुसरा प्रश्न टाकला, यात आपल्याकडच्या कोणी काही केले आहे का? वर्गात उत्तर थोडक्यात दिले. ते येथे सविस्तर देतो.

होमी जहांगीर भाभा यांचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९ रोजी मुंबईत झाला. घराणे पारशी, पण मुंबईकराला ते परके कधीच वाटले नाहीत. वडील बॅरिस्टर. आत्या मेहेरबाई या सर दोराबजी टाटांच्या पत्नी. त्यामुळे मुलाने इंग्लंडात इंजिनियर व्हावे आणि जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात यावे, असे घरच्यांनी ठरवूनच ठेवले होते. १९२७ साली ते केंब्रिजला गेले, आणि तेथे त्यांचे मन पदार्थविज्ञानात गुंतले. त्यांनी वडिलांना पत्र लिहून तसे स्पष्ट कळवले. वडिलांनी अट घातली की इंजिनियरिंगमध्ये पहिला वर्ग मिळवलास तर पुढचा खर्च देऊ. मुलाने १९३० साली पहिला वर्ग मिळवला, वडिलांनी शब्द पाळला. आम्हां शिक्षकांना हा बाप फार आवडतो. मुलाला त्याने नुसते अडवले नाही आणि मोकळेही सोडले नाही.

तो काळ केंब्रिजच्या भाग्याचा होता. १९३२ साली तेथेच कॉक्रॉफ्ट आणि वॉल्टन यांनी प्रोटॉनना विजेच्या दाबाने वेग देऊन लिथियमचे अणुकेंद्र फोडले. वेगवर्धकाच्या इतिहासातले हे मोठे पाऊल. भाभा त्याच गावात होते, पण त्यांची हत्यारे कागद आणि पेन्सिल. झुरिकला पाउली, रोमला फर्मी, कोपनहेगनला बोर, अशा गुरूंच्या दारी ते जाऊन आले. विज्ञानाला गावकूस नसते हे त्यांनी तरुणपणीच पाहिले.

१९३६ साली त्यांचा एक निबंध प्रसिद्ध झाला. इलेक्ट्रॉन आणि त्याचा प्रतिकण पॉझिट्रॉन एकमेकांवर आले, तर किती कोणत्या कोनात फेकले जातील याचे ते गणित होते. पॉझिट्रॉन सापडून तेव्हा जेमतेम चार वर्षे झाली होती आणि अशी टक्कर मुद्दाम घडवणारे यंत्र जगात कोठेही नव्हते. पुढे अशी यंत्रे झाली तेव्हा अडचण आली, की दोन्ही बाजूंनी कणांचे थवे सोडले तरी प्रत्यक्ष गाठी किती पडल्या हे मोजायचे कसे? लग्नघरी किती माणसे जेवली हे दारात उभे राहून नीट कळत नाही, पण पंगत उठल्यावर पत्रावळी मोजल्या की कळते. भाभांच्या गणिताने या पत्रावळी दिल्या. ठरावीक कोनात फेकले गेलेले कण मोजायचे आणि त्यावरून टकरींचा हिशेब मांडायचा. या क्रियेला जगभर भाभांचेच नाव आहे.

यानंतर हाइटलर यांच्याबरोबर त्यांनी विश्वकिरणांच्या वर्षावाची उपपत्ती मांडली. १९३९ साली सुट्टीवर हिंदुस्थानात आले आणि युद्ध सुरू झाले. परत जाणे राहिले. बंगलोरला सर सी. व्ही. रामन यांच्या संस्थेत त्यांनी विश्वकिरणांचा विभाग उभा केला. १९४१ साली, एकतिसाव्या वर्षी, रॉयल सोसायटीचे सभासदत्व मिळाले. युद्ध संपल्यावर कोणत्याही विद्यापीठाने त्यांना बोलावून घेतले असते. पण त्याआधीच, मार्च १९४४ मध्ये, त्यांनी टाटा विश्वस्तांकडे मूलभूत संशोधनाच्या संस्थेसाठी अर्ज केला होता. १९४५ साली संस्था बंगलोरला सुरू झाली आणि त्याच वर्षी मुंबईत पेडर रोडवरील केनिलवर्थ बंगल्यात आली. याच बंगल्यात त्यांचा जन्म झाला होता! पुढे ती गेटवेजवळच्या जुन्या यॉट क्लबात आणि शेवटी कुलाब्याला समुद्रकाठी गेली. १९५० नंतरच्या दशकात तेथे दहा लाख व्होल्टचा वेगवर्धकही बसला, तोही कॉक्रॉफ्ट-वॉल्टन पद्धतीचा.

येथे कलकत्त्याच्या मेघनाद साहांचा उल्लेख केला नाही तर अन्याय होईल. सायक्लोट्रॉन नावाचा वेगवर्धक हिंदुस्थानात प्रथम बांधायला घेतला तो त्यांनी. युद्धात जहाज बुडाले आणि त्यासाठीचे पंप समुद्रात गेले. पैसाही अपुरा. १९४८ साली अणुशक्ती आयोग झाला, भाभा अध्यक्ष झाले, आणि सरकारचे बळ मुंबईकडे वळले. साहांनी जाहीर विरोध केला. आमच्या मते त्यांची तक्रार अगदीच निराधार नव्हती.

भाभांची कामाची रीत मात्र वेगळी होती. आधी इमारत आणि मग माणसे असे त्यांनी केले नाही. योग्य माणूस हेरायचा आणि त्याच्याभोवती विभाग वाढू द्यायचा. तुर्भ्याला १९५७ साली त्यांनी प्रशिक्षणशाळाही काढली. चित्रे ते स्वतः काढीत. झाड तोडण्यापेक्षा मुळासकट उचलून दुसरीकडे लावावे असा त्यांचा आग्रह असे.

ऑगस्ट १९५५ मध्ये जिनिव्हाला अणुशक्तीच्या शांततामय उपयोगासाठी संयुक्त राष्ट्रांची परिषद भरली. अध्यक्षपदी पंचेचाळीस वर्षांचे भाभा! युद्धापासून कुलपात ठेवलेले पुष्कळसे ज्ञान तेथे प्रथमच उघड मांडले गेले. दोन दशकांत अणुसंमीलनाची ऊर्जा माणसाच्या ताब्यात येईल, असे भाकीतही त्यांनी तेथे केले. ते फसले. १९५६ साली अप्सरा अणुभट्टी इंग्लंडच्या इंधनावर चालू झाली, १९६० साली कॅनडाच्या मदतीने सायरस झाली. याच सायरसमधील प्लुटोनियम १९७४ च्या पोखरण स्फोटात वापरले गेले, कॅनडाने हात काढून घेतला, आणि भाभांनी जोडलेले काही दरवाजे त्यांच्या मागे बंद झाले.

सहकार्याचे सर्वांत निर्मळ उदाहरण आम्हांला कोलारच्या सोन्याच्या खाणीत दिसते. जमिनीखाली दोन किलोमीटरहून अधिक खोल टाटा संस्थेची, जपानच्या ओसाकाची आणि इंग्लंडच्या डरहॅमची माणसे एकत्र बसली आणि १९६५ साली विश्वकिरणांमुळे वातावरणात जन्मलेला न्यूट्रिनो त्यांना सापडला. त्या सुमारास दक्षिण आफ्रिकेच्या खाणीतही एका दुसऱ्या गटाला यश आले. भाभांना हे पाहायला मिळाले.

पुढच्याच जानेवारीत, २४ तारखेला, व्हिएन्नाच्या बैठकीसाठी निघालेले त्यांचे एअर इंडियाचे विमान जिनिव्हाला उतरण्यापूर्वी माँ ब्लाँ पर्वतावर आदळले. ११७ माणसे गेली. भाभा छप्पन वर्षांचे होते.

हवा स्वच्छ असली की जिनिव्हातून तो पर्वत दिसतो. त्याच जिनिव्हाजवळ, जमिनीखाली २७ किलोमीटर घेराच्या बोगद्यात, १९८९ ते २००० पर्यंत इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन एकमेकांवर सोडले जात होते. तेथील चार प्रयोगांपैकी एकात कुलाब्याच्या टाटा संस्थेची माणसे होती, आणि टकरींचा हिशेब चारही ठिकाणी भाभांच्या १९३६ च्या गणितावर ठेवला जाई.

विमानाचे अवशेष हिमनदी अजून खाली आणून सोडते. २०१२ साली भारत सरकारच्या टपालाची थैली सापडली. २०२० साली वर्तमानपत्रांचा गठ्ठा मिळाला. वाळवल्यावर त्यातला मथळा वाचता येत होता, इंदिरा गांधींच्या पंतप्रधानपदाचा.