हरि नारायण आपटे : ज्यांनीं मुक्या दुःखास वाचा दिली

कादंबरी वाचणें हा वेळेचा अपव्यय आहे काय, असा प्रश्न आमच्या मंडळ्यांतून अजूनही ऐकूं येतो. वसई, आगाशी, विरार व सभोंवारच्या खेड्यांतील जे बंधुभगिनी दिवसभर शेतावाडींत किंवा कामावर श्रम करून सायंकाळीं घरीं परततात, त्यांस वाचनाला घटकाभरच वेळ सांपडतो. ती घटका कोणत्या ग्रंथास द्यावी, याचा त्यांनीं विचार करावा हें योग्यच आहे. म्हणून ज्या पुरुषानें आपलें सारें आयुष्य कादंबरीलेखनास वाहिलें, त्याचें चरित्र आम्ही येथें संक्षेपानें सांगतों. त्यावरून वाचकांनींच निर्णय करावा.

हरि नारायण आपटे यांचा जन्म ८ मार्च १८६४ रोजीं खानदेशांतील पारोळें या गांवीं झाला. याच वर्षाच्या अखेरीस आपल्या वसईवरून जाणारा आगगाडीचा रस्ता मुंबईपर्यंत पुरा झाला, म्हणजे तो काळ जुन्याच्या उदरांतून नवें निघण्याचा होता. हरिभाऊ अगदीं लहान असतांच त्यांची आई वारली. पुढें त्यांचे चुलते महादेव चिमणाजी आपटे यांनीं त्यांचा सांभाळ केला. हे चुलते नामांकित वकील होते. संस्कृत ग्रंथांचें रक्षण व प्रकाशन व्हावें म्हणून पुण्यांतील आनंदाश्रम ही संस्था त्यांनींच स्थापिली, आणि तिची व्यवस्था पुढें अनेक वर्षें हरिभाऊंनीं पाहिली. जुन्या चालीच्या मोठ्या कुटुंबांत आईवांचून वाढलेल्या या मुलानें माजघरांतील बोलणीं ऐकलीं, सासुरवाशिणींचे दाबलेले हुंदके ऐकले, आणि तें सर्व मनांत सांठवून ठेविलें. वयाच्या पंधराव्या वर्षीं, १८७९ सालीं, त्या काळच्या रूढीप्रमाणें त्यांचें स्वतःचेंही लग्न झालें.

पुण्यांत विष्णुशास्त्री चिपळूणकर, टिळक व आगरकर यांनीं १८८० सालीं न्यू इंग्लिश स्कूल काढलें. हरिभाऊ तेथील विद्यार्थी. १८८२ सालीं विष्णुशास्त्री वारले, तेव्हां या अठरा वर्षांच्या शिष्यानें शोकपर कविता रचली. आगरकरांनीं शेक्सपिअरच्या एका नाटकाचें मराठी रूपांतर प्रसिद्ध केलें, तेव्हां त्यावर सविस्तर टीका लिहिण्यासही हाच शिष्य धजला. तथापि आगरकरांविषयींचा त्यांचा आदर तिळमात्र कमी झाला नाहीं, आणि सुधारणेचा ध्यास त्यांनीं आगरकरांपासूनच घेतला. कॉलेजांत मात्र गणित त्यांस आडवें आलें. पदवी न मिळतांच त्यांचें शिक्षण संपलें. तथापि इंग्रजी व संस्कृत ग्रंथांचें त्यांचें वाचन अफाट होतें, व तेंच त्यांचें खरें विद्यालय ठरलें.

त्या काळीं रेनॉल्ड्स नांवाच्या इंग्रज ग्रंथकाराच्या कादंबऱ्या आपल्या देशांत मोठ्या आवडीनें वाचल्या जात. हा ग्रंथकार आठवड्याच्या आठवड्यास थोडथोडें छापून लंडनच्या गरीब लोकांस स्वस्तांत कथा पुरवी. हरिभाऊंनीं १८८५ सालीं आपली पहिली कादंबरी 'मधली स्थिति' लिहावयास घेतली, तेव्हां त्यांच्यापुढें रेनॉल्ड्सचाच कित्ता होता. परंतु लंडनचीं पात्रें मराठी पोषाखांत उभीं करून त्यांचें समाधान झालें नाहीं. आपल्याच आळींतील, आपल्याच घरांतील माणसें जशीं आहेत तशीं दाखवावीं, हा विचार त्यांच्या मनांत दृढ झाला.

१८९० सालीं त्यांनीं 'करमणूक' नांवाचें साप्ताहिक काढलें. राजकारणास व वादविवादास वाहिलेलीं पत्रें तेव्हां होतींच, पण घरांतील बायकामुलांनीं वाचावें असें पत्र विरळा. करमणुकीबरोबर बोध द्यावा हा हरिभाऊंचा हेतु. हें पत्र त्यांनीं १९१७ पर्यंत चालविलें. त्यांच्या बहुतेक कादंबऱ्या प्रथम या पत्रांत प्रकरणशः निघाल्या. आठवड्याचा मजकूर आठवड्यास लिहून द्यावयाचा, प्रकृति बरी असो वा नसो, हा क्रम किती कष्टाचा असेल याची कल्पना वाचकांनींच करावी.

याच पत्रांत 'पण लक्षात कोण घेतो!' ही कादंबरी निघूं लागली व १८९३ सालीं ती पुस्तकरूपानें प्रसिद्ध झाली. तींत यमुना नांवाची ब्राह्मण मुलगी आपली कहाणी स्वमुखानें सांगते. आई मरते, वडील लहान मुलीशीं दुसरें लग्न करितात, मैत्रीण दुर्गी दुष्ट नवऱ्याच्या हातीं सांपडते. यमुनेस मात्र सुशिक्षित व प्रेमळ पति लाभतो. तो तिला लिहावयास वाचावयास शिकवितो, आणि मुंबईंत कांहीं दिवस सुखाचे जातात. मग तो अकालीं मरण पावतो. सासरच्या लोकांकडून तिचें बळजबरीनें केशवपन होतें, आणि त्या आघातानें ती खंगून मरते. पुरुषानें लिहिलेली ही कथा असून तींतील प्रत्येक वाक्य माजघरांतील स्त्रीचें वाटतें. ज्यांच्या घरांत असें घडत होतें त्यांच्याच हातीं हें पत्र दर आठवड्यास पडत होतें, हें लक्षांत ठेवावें.

येथें आमच्या वाचकांस दुसऱ्या एका यमुनेची आठवण होईल. हरिभाऊंच्या जन्मापूर्वीं सात वर्षें, म्हणजे १८५७ सालीं, आमचे ख्रिस्ती बंधु बाबा पदमनजी यांनीं 'यमुनापर्यटन' लिहिलें. मराठींतील पहिली कादंबरी ती हीच. तींतील यमुना पतीबरोबर प्रवास करितां करितां ठिकठिकाणीं विधवांची दैना पाहते, पुढें स्वतः विधवा होते, आणि शेवटीं ख्रिस्ती होऊन पुनर्विवाह करिते. बाबांच्या यमुनेस सुटकेचें दार सांपडलें. हरिभाऊंच्या यमुनेस तें सांपडलें नाहीं, कारण घर सोडून न जाणाऱ्या लाखों स्त्रियांची स्थिति त्यांस दाखवावयाची होती. एक कथा मार्ग दाखविते, दुसरी जखम दाखविते. आमच्या मतें दोहोंचीही गरज होती. ज्यास जखम दिसत नाहीं तो वैद्याकडे कशास जाईल?

त्या दोन-तीन वर्षांत काय काय घडत होतें तेंही पाहावें. पंडिता रमाबाईंनीं १८८९ सालीं मुंबईंत उघडलेलें शारदासदन १८९० सालीं पुण्यास आलें. १८९१ सालीं संमतिवयाचा कायदा झाला व मुलींचें संमतिवय दहांवरून बारा वर्षें ठरलें. त्यावरून पुण्यांत केवढें रण माजलें तें इतिहासांत नमूद आहे. सभांत गर्जना होत होत्या, पण जिच्याविषयीं हा वाद ती मुलगी कोठेंच बोलत नव्हती. हरिभाऊंनीं तिला बोलावयास लाविलें, हेंच त्यांचें मोठें कार्य होय. १८९६ सालीं धोंडो केशव कर्वे यांनीं विधवांसाठीं आश्रम काढला. अशा कार्यास अनुकूल मनें तयार करण्यांत या कादंबरीचा वांटा होता, असें आम्हांस वाटतें.

'मी' या कादंबरींत त्यांनीं देशसेवेस सर्वस्व वाहणारा भावानंद रंगविला. ती १८९५ च्या सुमारास पुरी झाली, आणि दहा वर्षांनीं गोखल्यांनीं भारत सेवक समाज स्थापिला, तेव्हां कल्पनेंतील गोष्ट जणूं प्रत्यक्षांत उतरली. यांखेरीज 'उषःकाल', 'गड आला पण सिंह गेला', 'चंद्रगुप्त', 'वज्राघात' इत्यादि ऐतिहासिक कादंबऱ्या त्यांनीं लिहिल्या. यांत स्कॉट या इंग्रजी कादंबरीकाराचा आदर्श त्यांच्यापुढें होता. 'उषःकालां'त बाप विजापूरच्या बादशहाचा इमानी सेवक, व मुलगा शिवाजी महाराजांकडे ओढला जाणारा. एकाच घरांत दोन निष्ठांची ओढाताण कशी होते हें आमच्या मंडळ्यांतील अनेकांनीं स्वतः अनुभविलें आहे. 'वज्राघात' ही १५६५ सालच्या विजयनगरच्या नाशाची कथा होय. वसईच्या किल्ल्याचे पडके बुरूज जे रोज पाहतात, त्यांस वैभव कसें लयास जातें हें निराळें सांगावयास नको.

पुऱ्या व अपुऱ्या मिळून त्यांच्या कादंबऱ्या सुमारें एकवीस भरतात. त्यांपैकीं 'गणपतराव', 'सूर्यग्रहण', 'कालकूट', 'कर्मयोग' या अपुऱ्याच राहिल्या. कोणी यास दोष देतात, व तो दोष खराच आहे. कथानक पसरट होई, बोध लांबे. परंतु हरिभाऊ केवळ लेखणी घेऊन बसले नव्हते. पुण्याच्या नगरपालिकेंत त्यांनीं अनेक वर्षें काम केलें व तिचे ते अध्यक्षही झाले. १९१२ सालीं अकोल्याच्या साहित्य संमेलनाचें अध्यक्षस्थान त्यांस मिळालें. ३ मार्च १९१९ रोजीं, वयास पंचावन्न वर्षें पुरीं होण्यास पांच दिवस उणे असतां, ते पुण्यांत वारले.

आतां आरंभींच्या प्रश्नाकडे वळूं. जी कादंबरी केवळ मन रिझवून हातचा वेळ चोरते, ती खुशाल बाजूस ठेवावी. पण जी वाचून शेजारच्या घरांतील रडणें ऐकूं येऊं लागतें, तिला दिलेली घटका व्यर्थ गेली असें कसें म्हणावें? केशवपनाची रूढि आज लोपली आहे, तरी नवऱ्यामागें राहिलेल्या स्त्रीस सणासमारंभांत मागें बसविणें, तिच्या हक्काचें शेत दिरांनीं दाबणें, हें आमच्या गांवांतून सर्वस्वी गेलें आहे काय? आणि मंडळीच्या पंचांपुढें अशा बाईचें म्हणणें पुरतें ऐकिलें जातें काय? उपदेशक बंधूंनीं ही यमुनेची कहाणी एकदां स्त्रियांच्या सभेंत थोडथोडी वाचून दाखवावी, आणि वाचन संपल्यावर आपण गप्प बसून बहिणींस बोलूं द्यावें. हरिभाऊंनीं तीस वर्षें लेखणी झिजविली ती एवढ्यासाठींच, कीं जें कोणी लक्षांत घेत नाहीं तें कोणीतरी लक्षांत घ्यावें.