सर फ्रान्सिस गाल्टन

अमरावती-अकोल्याकडील आमचे विद्यार्थी सीईटीचा निकाल पाहतात, तेव्हा त्यात 'पर्सेंटाइल' हा आकडा असतो. ही गणना रूढ करणारे गृहस्थ गाल्टन होत. त्यांचा जन्म १८२२ साली इंग्लंडात बर्मिंगहॅमनजीक झाला. केंब्रिज येथे गणिताचे अध्ययन चालू असता प्रकृती ढासळली व सन्मानाची पदवी त्यांस लाभली नाही. तथापि त्यांनी विद्याव्यासंग सोडला नाही. १८८४ साली लंडनच्या आरोग्य प्रदर्शनात त्यांनी प्रत्येकी तीन पेन्स घेऊन उंची, वजन, दृष्टी इत्यादी मोजण्यास प्रारंभ केला. एकंदर ९,३३७ लोकांची मापे मिळाली. प्रत्येक माप शंभरांत कितवे, हे त्यांनी १८८५ साली मांडून दाखविले. ९० पर्सेंटाइल म्हणजे शंभरांपैकी ९० गुण नव्हेत. शंभर परीक्षार्थींपैकी सुमारे नव्वदांचे गुण तितकेच वा कमी, एवढाच त्याचा अर्थ.

खेदाची गोष्ट ही की, गाल्टन यांनी माणसांची कुळेही श्रेष्ठ-कनिष्ठ ठरविली. त्या मतापायी पुढे अनेक देशांत निरपराध लोकांचा छळ झाला. १९११ साली ते निवर्तले. त्यांची रीत आपण घ्यावी, दोष टाकावा. एका परीक्षेतील स्थानाने आयुष्य ठरत नाही, याची साक्ष त्यांचेच चरित्र देते. पालकांनीही ती ध्यानी धरावी, अशी आमची विनंती आहे.