कानसेन घडवणारे विष्णुबुवा



स्मरणिकेसाठी काही लिहाल का, असे संपादक मंडळाने विचारले तेव्हा विषय शोधावा लागला नाही. मी गायक नाही की संगीताचा अभ्यासकही नाही. शास्त्रीय संगीत ऐकण्याची गोडी मात्र शाळेत असल्यापासून आहे, आणि चांगले काही ऐकले की ते चार जणांना ऐकवल्याशिवाय मला चैन पडत नाही. ज्यांनी ही चार जणांना ऐकवण्याची ओढ आपल्या आयुष्याचे व्रत केले, त्या पंडित विष्णु दिगंबर पलुस्करांविषयी आज लिहीत आहे.

विष्णुबुवांचा जन्म 18 ऑगस्ट 1872 रोजी कुरुंदवाडला झाला. वडील दिगंबरपंत कीर्तनकार, त्यामुळे अभंग, पदे आणि आख्याने लहानपणापासून कानांवर पडत होती. बालवयातच चेहऱ्याजवळ फटाका उडून त्यांच्या डोळ्यांना गंभीर इजा झाली. उपचारांसाठी मिरजेला नेले, पण दृष्टी पूर्ववत झाली नाही. पुस्तकी शिक्षणाची वाट बंद झाली आणि गाण्याची उघडली. मिरजेत तेव्हा बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर होते. अतोनात कष्ट सोसून ग्वाल्हेरची गायकी शिकलेल्या आणि ती महाराष्ट्रात आणणाऱ्या या थोर गवयांकडे विष्णुबुवांनी अनेक वर्षे तालीम घेतली.

त्या काळी चांगले गाणे ऐकायचे तर ते राजवाड्यात, सरदार-सावकारांच्या दिवाणखान्यात नाहीतर देवळात. सामान्य माणसाला मैफलीचे दार सहसा बंदच असे. गवयाला बिदागी मिळे, पण समाजात मान मिळेच असे नाही. पांढरपेशा घरात मुलाने गाणे शिकतो म्हटले तरी वडीलधाऱ्यांच्या कपाळाला आठी पडे, मग मुलींची तर गोष्टच सोडा. हे सारे विष्णुबुवांच्या मनाला लागून राहिले. 1896 मध्ये त्यांनी मिरज सोडली आणि संस्थानिकाच्या पदरी सुखाने राहण्याऐवजी भ्रमंती पत्करली.

या भ्रमंतीत सौराष्ट्रात त्यांनी तिकीट लावून जाहीर मैफल केली. आपण आज ऑनलाइन तिकिटे काढतो, म्हणून आपल्याला यात नवल वाटणार नाही. पण तेव्हा त्याचा अर्थ फार मोठा होता. तिकीट म्हणजे आमंत्रणाची गरज नाही. ज्याच्या खिशात थोडे पैसे आहेत आणि मनात ऐकण्याची इच्छा आहे, त्याने यावे आणि मानाने बसावे. एका राजाच्या जागी शेकडो श्रोते गाण्याचे आश्रयदाते झाले.

5 मे 1901 रोजी त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय सुरू केले. कुरुंदवाडच्या माणसाने पंजाबात, अनोळखी भाषेच्या मुलखात जाऊन बिऱ्हाड थाटले, ही गोष्ट आपल्यासारख्या परदेशात राहणाऱ्यांना विशेष जवळची वाटावी. शाळा राजाश्रयावर नव्हे, तर लोकांच्या देणग्यांवर आणि बुवांच्या मैफलींच्या उत्पन्नावर चालायची. ठरलेला अभ्यासक्रम, वर्ग, परीक्षा, स्वरलिपी आणि छापील पुस्तके अशी शिस्त त्यांनी गाण्याला लावली. पुस्तके छापायला स्वतःचा छापखाना काढला, 'संगीतामृत प्रवाह' हे मासिक चालवले. स्त्रियांना शिकवण्याची सोय केली. निवडक विद्यार्थ्यांना आपल्याकडेच ठेवून घेऊन त्यांनी 'उपदेशक' म्हणून तयार केले, म्हणजे ते पुढे गावोगावी जाऊन संगीताचा प्रसार करतील. 1908 मध्ये मुंबईतही विद्यालय सुरू झाले.

यावर टीका झालीच. गाणे ही गुरूसमोर बसून घेण्याची विद्या, ती फळा-खडूने कशी यायची? शिवाय बंदिशींतले शृंगारिक शब्द काढून बुवांनी तिथे भक्तिपर शब्द घातले, तेही अनेकांना रुचले नाही. मलाही कधी कधी मूळ शब्दच अधिक रसरशीत वाटतात. पण घरोघरच्या आईवडिलांनी मुलामुलींना गाण्याच्या वर्गात पाठवायचे असेल, तर त्या काळात दुसरा मार्ग कोणता होता? वर्गातून प्रत्येक जण गवई होत नाही, हे बुवांना कळत नव्हते असे थोडेच आहे! तानसेन शतकात एखादाच होतो. पण कानसेन घडवता येतात, आणि कानसेन नसतील तर तानसेनाने गावे कोणासाठी? माझ्या मते त्यांच्या कार्याचे सारे मर्म इथे आहे.

स्वातंत्र्य चळवळीशीही बुवांचा जवळचा संबंध होता. काँग्रेसच्या अधिवेशनांत ते वंदे मातरम् गात. त्यांचे शिष्य नारायण मोरेश्वर खरे गांधीजींच्या साबरमती आश्रमात संगीताचे काम पाहत, आणि 1930 च्या दांडी यात्रेत तेही चालले. आपण भजनात म्हणतो ती रामधून देशभर पोहोचली, त्यात या गुरुशिष्यांचा मोठा वाटा आहे.

राजाश्रय नाकारण्याची किंमत मात्र जबर होती. मुंबईत विद्यालयाची स्वतःची इमारत उभी करताना कर्ज झाले. ते फेडण्यासाठी बुवा गावोगावी मैफली करत फिरले, तरी कर्ज फिटेना आणि शेवटी इमारत लिलावात गेली. पुढे ते रामभक्तीत अधिकाधिक रमले आणि नाशिकच्या आश्रमात राहू लागले. 21 ऑगस्ट 1931 रोजी मिरजेत त्यांचे निधन झाले, तेव्हा मुलगा दत्तात्रेय अवघ्या दहा वर्षांचा होता.

इमारत गेली, पण माणसे उभी राहिली. पं. ओंकारनाथ ठाकूर, विनायकबुवा पटवर्धन, नारायणराव व्यास, प्रा. बी. आर. देवधर हे सारे त्यांचेच शिष्य. 1931 मध्येच शिष्यांनी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केले. आपली मुले शनिवारी गाण्याच्या क्लासला जातात आणि प्रारंभिक, प्रवेशिकेच्या परीक्षांना बसतात, त्याचे मूळ लाहोरच्या त्या शाळेत आहे. तेव्हा मुलांना गाडीतून नेताना-आणताना आईवडिलांनीही थोडे कान तयार करावेत, ही विनंती.

आम्हाला त्यातले काही कळत नाही, असे बरेच जण मला सांगतात. त्यांना मी एवढेच सुचवतो की सुरुवात विष्णुबुवांच्या मुलापासून करावी. डी. व्ही. पलुस्कर 1955 मध्ये अवघ्या चौतीसाव्या वर्षी गेले, पण त्यांची भजने आणि तीन-साडेतीन मिनिटांच्या तबकड्या आज फोनवरही सहज ऐकता येतात. रागाचे नाव माहीत नसले तरी चालेल. एकच तबकडी आठवडाभर रोज ऐका. आठव्या दिवशी पुढचा सूर कोणता येणार हे तुमच्या कानाला आधीच कळू लागेल. कळणे म्हणजे तरी वेगळे काय असते?

सर्वांना उत्सवाच्या हार्दिक शुभेच्छा. गणपती बाप्पा मोरया!