आरती साहा : तेहतीस दिवसांनी पुन्हा इंग्लिश खाडीत

रायपूर शहरातील तात्यापारा ही मराठी कुटुंबांची जुनी वस्ती. नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून मराठी माणूस या परिसरात स्थिरावला. येथून समुद्र कोणत्याही दिशेला शेकडो किलोमीटर दूर आहे. शहराची ओळख आहे ती तलावांची. जुन्या शहरातील बूढा तालाब आज विवेकानंद सरोवर या नावाने ओळखला जातो. अशा ठिकाणी सागरी जलतरणाची शर्यत ही केवळ वाचण्या-ऐकण्याची गोष्ट वाटणे स्वाभाविक आहे. परंतु समुद्राची तयारी शहरातल्या तलावातही करता येते, हे एका भारतीय तरुणीने १९५९ साली सिद्ध केले. इंग्लिश खाडी पोहून पार करणाऱ्या पहिल्या आशियाई महिला म्हणून आरती साहा यांचे नाव इतिहासात नोंदले गेले आहे.

आरती साहा यांचा जन्म २४ सप्टेंबर १९४० रोजी कोलकाता येथे एका मध्यमवर्गीय कुटुंबात झाला. वडील पांचूगोपाल साहा हे सैन्यदलात साध्या नोकरीत होते. आरती अवघ्या अडीच वर्षांच्या असताना त्यांची आई निवर्तली. मोठा भाऊ आणि धाकटी बहीण भारती यांचे संगोपन मामाच्या घरी झाले, तर आरती यांना उत्तर कोलकात्यात आजीने वाढवले. चौथ्या वर्षी त्या आपल्या काकांबरोबर गंगेच्या चांपातला घाटावर स्नानासाठी जाऊ लागल्या आणि तेथेच पोहायला शिकल्या. मुलीची पाण्यातील ओढ पाहून वडिलांनी तिला हाटखोला जलतरण संस्थेत दाखल केले.

१९४६ मध्ये, वयाच्या पाचव्या वर्षी, शैलेंद्र स्मृती जलतरण स्पर्धेत ११० यार्ड मुक्त शैली प्रकारात त्यांनी सुवर्णपदक मिळवले. सचिन नाग यांचे मार्गदर्शन त्यांना लाभले. पुढे १९५१ मध्ये दिल्ली येथे झालेल्या पहिल्या आशियाई क्रीडा स्पर्धेत भारताला सुवर्णपदक मिळवून देणारे हेच सचिन नाग. १९४८ साली मुंबईत झालेल्या राष्ट्रीय स्पर्धेत छोट्या आरतीने दोन रौप्य आणि एक कांस्यपदक पटकावले. १९५१ मध्ये त्यांनी १०० मीटर ब्रेस्ट स्ट्रोक प्रकारात मुंबईच्या डॉली नझीर यांचा अखिल भारतीय विक्रम मोडला.

या दोघी पुढच्याच वर्षी एकाच संघातून हेलसिंकी येथील ऑलिंपिकला गेल्या. स्वतंत्र भारताच्या त्या संघात डॉली नझीर, आरती साहा, तसेच धावपटू नीलिमा घोष आणि मुंबईच्या मेरी डिसूझा अशा चार महिला होत्या. आरती यांचे वय तेव्हा बारा वर्षेही पूर्ण झालेले नव्हते. २०० मीटर ब्रेस्ट स्ट्रोकमध्ये त्या प्राथमिक फेरीच्या पुढे जाऊ शकल्या नाहीत. मायदेशी परतल्यानंतर १०० मीटर मुक्त शैलीच्या एका शर्यतीत त्यांना सख्ख्या बहिणीकडून, भारतीकडून, हार पत्करावी लागली. त्यानंतर त्यांनी केवळ ब्रेस्ट स्ट्रोकवर लक्ष केंद्रित केले आणि गंगेतील लांब पल्ल्याच्या शर्यतींत भाग घेण्यास सुरुवात केली.

फ्रान्स आणि इंग्लंड यांच्यामधील इंग्लिश खाडी सर्वांत अरुंद ठिकाणी सुमारे ३३ किलोमीटर रुंद आहे. कॅप्टन मॅथ्यू वेब यांनी १८७५ मध्ये ती प्रथम पोहून पार केली, तर अमेरिकेच्या गर्ट्रूड एडर्ली यांनी १९२६ मध्ये हा पराक्रम करणाऱ्या पहिल्या महिला होण्याचा मान मिळवला. या खाडीत अंतरापेक्षा पाण्याचा प्रवाह अधिक कठीण असतो. भरती-ओहोटीमुळे सुमारे दर सहा तासांनी प्रवाहाची दिशा उलटते आणि जलतरणपटू बाजूला फेकला जातो. त्यामुळे तो सरळ रेषेत पोहू शकत नाही. त्याचा मार्ग नागमोडी होतो. उन्हाळ्यातही पाणी अतिशय थंड असते. अंगाला चरबी चोपडून पोहणाऱ्याने सोबतच्या नौकेला स्पर्शही करायचा नाही, असा नियम आहे. खाणेपिणे त्या नौकेवरूनच दिले जाते आणि पाण्यातच घ्यावे लागते. योग्य वेळी पाण्यात उतरणे आणि अनुभवी मार्गदर्शक नावाडी लाभणे, या दोन गोष्टींवर यशापयश अवलंबून असते.

१९५० च्या दशकात ब्रिटिश उद्योजक बिली बटलिन यांच्या नावाने या खाडीत आंतरराष्ट्रीय शर्यत भरवली जात असे. १९५८ च्या शर्यतीत मूळच्या डेन्मार्कच्या ग्रेटा अँडरसन सर्वप्रथम आल्या, तर पुरुषांमध्ये ढाक्याचे ब्रजेन दास पहिले आले. आरती साहा यांनी दास यांना अभिनंदनाचा संदेश पाठवला. दास यांनी उत्तरादाखल त्यांना उत्तेजन दिले आणि पुढील वर्षीच्या शर्यतीसाठी आयोजकांकडे त्यांच्या नावाची शिफारसही केली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये मिहिर सेन हे खाडी पार करणारे पहिले भारतीय ठरले. त्यांनीही आरती यांना प्रोत्साहन दिले.

इच्छा होती, पण पैसा नव्हता. हाटखोला संस्थेचे डॉ. अरुण गुप्ता यांनी पुढाकार घेऊन जलतरणाची प्रात्यक्षिके आयोजित केली आणि त्यांतून निधी उभारला. तरीही रक्कम अपुरी पडली. अखेरीस पश्चिम बंगालचे तत्कालीन मुख्यमंत्री डॉ. बिधानचंद्र रॉय यांनी ११ हजार रुपयांची व्यवस्था केली. १३ एप्रिल १९५९ रोजी कोलकात्याच्या देशबंधू उद्यानातील तलावात, हजारो नागरिकांच्या साक्षीने, आरती सलग आठ तास पोहल्या. पुढे त्यांनी सलग सोळा तास पोहण्याचाही सराव केला. सागरी शर्यतीची ही सारी तयारी तलावाच्या स्थिर पाण्यात झाली होती.

२४ जुलै १९५९ रोजी त्या डॉ. गुप्ता यांच्यासह इंग्लंडला रवाना झाल्या. खाडीतील सरावासाठी त्यांना जेमतेम दोन आठवडे मिळाले. २३ देशांतील ५८ स्पर्धकांमध्ये केवळ पाच महिला होत्या. २७ ऑगस्टच्या मध्यरात्रीनंतर एक वाजता फ्रान्समधील केप ग्री-ने येथून शर्यत सुरू होणार होती. परंतु त्यांची मार्गदर्शक नौका वेळेवर पोहोचलीच नाही. त्या चाळीस मिनिटे उशिरा पाण्यात उतरल्या आणि अनुकूल प्रवाहाचा लाभ हुकला. सकाळी अकराच्या सुमारास इंग्लंडचा किनारा अवघ्या पाच मैलांवर आला होता. तेवढ्यात प्रवाह उलटला. पुढील पाच तासांत त्या जेमतेम दोन मैल पुढे सरकू शकल्या. त्यांची माघार घेण्याची तयारी नव्हती, तथापि सोबतच्या नावाड्यांच्या आग्रहापुढे त्यांना पाण्याबाहेर यावे लागले.

शर्यत संपली होती. लोकवर्गणी आणि सरकारी मदतीतून आलेली मुलगी अपयश घेऊन परतणार, अशी परिस्थिती होती. आरती साहा यांनी मात्र परत न जाता पुन्हा प्रयत्न करण्याचा निर्णय घेतला. यावेळी स्पर्धा नव्हती आणि सोबत पोहणारेही कोणी नव्हते. हंगामही संपत आला होता.

२९ सप्टेंबर १९५९ रोजी, एकोणिसाव्या वाढदिवसानंतर पाचव्या दिवशी, त्या केप ग्री-ने येथून पुन्हा पाण्यात उतरल्या. लाटा मोठ्या होत्या. नागमोडी मार्गाने ४२ मैल अंतर कापून १६ तास २० मिनिटांनी त्या इंग्लंडमधील सँडगेटच्या किनाऱ्यावर पोहोचल्या आणि तेथे त्यांनी भारताचा ध्वज उभारला. ब्रिटनमधील भारताच्या तत्कालीन उच्चायुक्त विजयालक्ष्मी पंडित यांनी सर्वप्रथम त्यांचे अभिनंदन केले. पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांनीही अभिनंदन केले. दुसऱ्या दिवशी, ३० सप्टेंबर रोजी, आकाशवाणीने ही वार्ता देशभर पोहोचवली.

१९६० मध्ये भारत सरकारने आरती साहा यांना पद्मश्री किताबाने गौरवले. हा सन्मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला क्रीडापटू होत. आपल्या मोहिमेचे व्यवस्थापक डॉ. अरुण गुप्ता यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्यांना अर्चना ही कन्या झाली. त्यांनी रेल्वेत नोकरी केली. बंगाल-नागपूर रेल्वे या जुन्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ज्या रेल्वेच्या त्या कर्मचारी होत्या, तिच्याच हावडा-नागपूर लोहमार्गावर रायपूर आहे.

ऑगस्ट १९९४ मध्ये कावीळ आणि मेंदूज्वराने त्या आजारी पडल्या. एकोणीस दिवस आजाराशी झुंज दिल्यानंतर २३ ऑगस्ट रोजी, वयाच्या ५३ व्या वर्षी, कोलकात्यात त्यांचे निधन झाले. १९९९ मध्ये टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले.

त्यांच्या मागून अनेक भारतीय मुली या खाडीत उतरल्या. मुंबईच्या अनिता सूद यांनी १९८७ मध्ये खाडी पार केली, तर महाराष्ट्राच्या रूपाली रेपाळे हिने १९९४ मध्ये, वयाच्या अवघ्या बाराव्या वर्षी. मुंबईच्या जलतरणपटूंना सरावासाठी धरमतर ते गेटवे ऑफ इंडिया हा सागरी मार्ग उपलब्ध होता. आरती साहा यांच्याजवळ होते ते गंगेचा घाट आणि उद्यानातला तलाव. पहिल्या प्रयत्नात त्यांच्या हाताबाहेरच्या कारणांनी दगा दिला. त्या अपयशानंतर तेहतीस दिवसांनी त्याच किनाऱ्यावरून पुन्हा पाण्यात उतरण्याचे धैर्य त्यांनी दाखवले, आणि त्यामुळेच समुद्रापासून दूर राहणाऱ्या मुलामुलींनाही त्यांचे चरित्र आजही आपलेसे वाटते.