दवाखान्यासाठी गावाचाच पैसा : टॉमी डग्लस

कॅनडातला सस्कॅचेवान प्रांत म्हणजे गव्हाचा मुलूख. गावं लांब लांब, डॉक्टर टिकत नसत. तिथं दवाखान्याच्या खर्चाची घडी बसवली ती टॉमी डग्लस यांनी.

डग्लस यांचा जन्म १९०४ साली स्कॉटलंडमध्ये झाला. लहानपणी पायाच्या हाडात पू झाला. घरची गरिबी, पाय कापायची वेळ आली. विनिपेगच्या एका सर्जनने विद्यार्थ्यांना शिकवण्याच्या निमित्ताने फुकट ऑपरेशन केलं, म्हणून पाय वाचला. इलाज असा नशिबावर नको, हे त्यांच्या मनात पक्कं बसलं.

पुढं ते वेबर्न गावी धर्मोपदेशक झाले. दुष्काळ अन् मंदीत शेतकऱ्यांचे हाल पाहून राजकारणात आले. १९४४ साली मुख्यमंत्री झाले.

त्या प्रांतात सार्निया पंचायतीने १९१५ सालीच कराच्या पैशातून डॉक्टर राखला होता. डग्लस यांनी तीच वाट रुंद केली. १ जुलै १९४६ पासून स्विफ्ट करंट भागातल्या अनेक पंचायतींचा एकच आरोग्य फंड झाला. माणशी कर अन् जमिनीवरचा कर त्यात जमा व्हायचा. डॉक्टर, इस्पितळ, मुलांचे दात, सारा खर्च त्यातून. १९४७ पासून प्रांतभर इस्पितळाचा विमा आला, माणशी वर्षाला पाच डॉलर.

१९६२ साली डॉक्टरांची फीही विम्यात आली. डॉक्टर २३ दिवस संपावर गेले, पण योजना टिकली. १९६६ साली देशभरासाठी कायदा झाला. १९८६ साली डग्लस वारले.

आजार आल्यावर सावकाराचं दार ठोठावण्यापेक्षा, सुगीतच पाच-दहा गावांनी मिळून थोडं थोडं बाजूला काढलेलं बरं.